उष्टी जीभ

"म्हणजे त्यांनी जिला पहिली म्हटलं, तीच तुलाही पहिली वाटली?" ब्रदर इनास यांनी विचारलं.

"हो."

"मग तोंड असं का केलंस? घरात कुणी आजारी आहे?"

जयवंत बोरस्ते पुढे आला. हातातला खोका त्याने ओट्यावर ठेवला. आत वाईनच्या दोन बाटल्या होत्या.

दिवस थंडीचे होते. उन्हात बसावंसं वाटेल अशी दुपार. दिंडोरीच्या बाजूला, द्राक्षबागांच्या मधोमध, ख्रिस्ती मठाचं बैठं कौलारू घर होतं. देवळात मिस्सेच्या उपासनेला लागणारी वाईन तिथे तयार होई. ते काम ब्रदर इनास यांच्याकडे. माणूस मूळचा वसईचा. वय सत्तरीच्या पुढे. बोलणं मोजकं.

जयवंत त्यांचाच शिष्य. वाईन कशी चाखायची, हे तो याच ओट्यावर शिकला. पुढे त्याचं नाव झालं. नाव झालं की माणसाची मान ताठ होते. त्याचीही झाली.

मुंबईतले काही जाणकार दर वर्षी उत्तम बारा वाईनची यादी काढत. जयवंत त्या बाराही विकत आणी, स्वतः चाखे आणि नाशिकला हॉल घेऊन लोकांसमोर ती यादी उलटीपालटी करी. पहिली तळाला, आठवी डोक्यावर. लोक टाळ्या वाजवत. "बोरस्ते कुणाचं उष्टं चाखत नाही," असं तो प्रत्येक वेळी सांगे. ते वाक्य त्याच्या नावाला चिकटून बसलं होतं.

यंदा मात्र घोटाळा झाला होता.

"यादी आधी वाचली होतीस?" ब्रदरनी विचारलं.

"वाचली होती. पण बाटल्या कागदात गुंडाळलेल्या होत्या. ताईनं गुंडाळल्या. कुठली कोणती, मला ठाऊक नव्हतं. नुसती चाखली. कागद काढले, तर..."

"तर?"

"मोगलबाईंची. यादीतली पहिली."

"पुन्हा चाखायची."

"चाखली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुंडाळायला लावल्या. पुन्हा तीच."

"मग चांगलं झालं की."

"चांगलं कसलं, ब्रदर! रविवारी हॉल भरलाय. लोक काय ऐकायला येणार? बोरस्ते म्हणतो यादी बरोबर आहे? मग बोरस्ते हवा कशाला? यादी तर मोबाईलवर मिळते."

"तेही खरंच."

"हसू नका."

"हसत नाही रे. समोरचे दात गेलेत. त्यामुळे तसं दिसतं."

जयवंतला हसू आलं नाही. त्याने खोक्यातून दोन्ही बाटल्या काढल्या आणि शेजारी शेजारी उभ्या केल्या.

"ही मोगलबाईंची. आणि ही चौथी आलेली. ही पण चांगली आहे. अगदीच वाईट नाही. आणि पहिलीत लाकडाचा वास जरा जास्त आहे. पिंपाचा. म्हणजे... तसं म्हणता येईल."

"म्हणता येईल?"

"म्हटलं तर कुणी खोटं म्हणणार नाही."

ब्रदरनी दोन्ही बाटल्यांवरची नावं वाचली.

"तुम्ही दोन्ही चाखा," जयवंत म्हणाला. "एकदा तुम्ही म्हणा, चौथी वरचढ आहे. बस्स. मग मी रविवारी बेधडक सांगतो."

"मी म्हणायचं?"

"हो."

"आणि ते तू सांगणार?"

"हो."

"म्हणजे मुंबईवाल्यांचं उष्टं नको. माझं चालेल."

जयवंतचे कान लाल झाले.

"तुमची गोष्ट वेगळी आहे, ब्रदर."

"का? माझं तोंड काय रामकुंडात धुतलंय?"

...

ब्रदर उठले. आत गेले. येताना दोन ताटल्या घेऊन आले. भाकरी, सुकटीची चटणी, कांदा.

"जेव आधी. उपाशीपोटी माणूस फार हुशार होतो."

जयवंतने भाकरी मोडली. ब्रदरनी मात्र हात जोडले होते, डोळे मिटले होते. जयवंतचा घास हातातच राहिला.

"देवा," ब्रदर हळू आवाजात म्हणाले, "ज्यानं पेरलं त्याचे उपकार. जिनं दळलं तिचे उपकार. सुकट उन्हात घालून जिनं दिवसभर कावळे हाकले, तिचे फार उपकार. आमेन."

"कावळे हाकणारीचेसुद्धा?"

"तिचे तर जास्तच. नाहीतर तू काय खाणार होतास? नुसता कांदा."

दोघे जेवू लागले. बागेकडून फवारणीच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तो दूर गेला.

"त्या जाणकारांनी बारा निवडल्या," ब्रदर म्हणाले. "किती चाखून?"

"दोनशे तरी असतील."

"सगळ्या चांगल्या?"

"कसल्या चांगल्या! निम्म्यांचा आंबून सिरका झालेला असतो. काहींना ओल्या पुठ्ठ्याचा वास. तोंडात धरवत नाहीत."

"त्या तू चाखल्यास?"

"मी कशाला चाखू? मी बाराच आणतो."

"मग त्या कुणी चाखल्या?"

जयवंतने कांदा उचलला, पुन्हा ठेवला.

"त्यांचं कामच आहे ते."

"असेल."

ब्रदरनी चटणी भाकरीवर पसरली. सावकाश. दात नसलेल्या माणसाला जेवायला वेळ लागतो.

"जयवंता, तुझं उष्टावण कुणी केलं?"

"काय?"

"उष्टावण. लहान पोराला पहिला घास भरवतात, तो."

"मामानं. निफाडच्या. खीर भरवली म्हणे, अंगठी बुडवून. मी त्याच्या सदऱ्यावर ओकलो. अजून सांगतो लग्नाकार्यात."

"खीर गरम होती का गार, ते कुणी बघितलं?"

"आईनं बघितलं असेल."

"कसं?"

"कसं म्हणजे... ओठाला लावून."

"आणि मग तुला दिली."

"हो."

"त्याला उष्टावण का म्हणत असतील?"

जयवंत चावता चावता थांबला. जन्मभर हा शब्द तो वापरत आला होता. भाच्याच्या उष्टावणाला नुकताच जाऊन आला होता. शब्दाच्या पोटात काय बसलंय, हे त्याला कधी दिसलं नव्हतं.

...

"ते लहानपणी, ब्रदर," तो म्हणाला. "मोठ्या माणसाची जीभ त्याची स्वतःची पाहिजे. तुम्हीच शिकवलंत. दुसरा काय म्हणतो ते कानात घेऊ नकोस, म्हणून तुम्ही माझ्या कानात कापूस घालायचात."

"घालायचो. मग कापूस काढलास कधी?"

"म्हणजे?"

"यंदा बाटल्या गुंडाळल्या. याआधी?"

"याआधी नाही गुंडाळल्या."

"यंदाच का?"

"ताई चिडली. म्हणाली, तू बाटली चाखत नाहीस जयू, नंबर चाखतोस. एकदा डोळे बांधून बघ, तुझी हिंमत असेल तर."

"ताई हुशार आहे."

"तोंडाळ आहे."

"म्हणजे आधीच्या वर्षांत बाटली समोर. ती पहिली आलीय, हे ठाऊक. आणि मग चाखायचास."

"हो."

"चाखायच्या आधी काही ठरलेलं असायचं?"

जयवंतने भाकरीचा पापुद्रा सोलला.

"विचारतोय मी."

"...असायचं."

"काय?"

"पहिली खाली ओढायची."

"म्हणजे यादी पूर्वेला गेली की तू पश्चिमेला. ती पश्चिमेला गेली असती, तर तू पूर्वेला."

जयवंतने मान खाली घातली. त्याच्या ताटलीत अर्धी भाकरी तशीच होती.

"मग इतकी वर्षं जीभ कुणाची होती, जयवंता?"

...

ट्रॅक्टर परत जवळ आला. वळला. पुन्हा गेला.

जयवंतने त्या दोन बाटल्यांकडे पाहिलं. मग त्याने चौथ्या नंबरची उचलली आणि परत खोक्यात ठेवली. तिचं बूचसुद्धा काढलं नाही.

"म्हणजे माझी जीभ... यंदाच..."

"चटणी घे," ब्रदर म्हणाले. "तिखट आहे. डोळ्यांतून पाणी आलं तरी कुणी विचारणार नाही."

जयवंतने चटणी घेतली. डोळे पुसले.

"मोगलबाई रविवारी येणार आहे?" ब्रदरनी विचारलं.

"येते दर वर्षी. पहिल्या रांगेत बसते. मी तिच्या वाईनला नावं ठेवतो, ती ऐकते. चहा पिते आणि जाते. गेल्या वर्षी जाताना म्हणाली, भाऊ, घसा बसलाय तुमचा, मध आहे माझ्याकडे."

"दिला?"

"दुसऱ्या दिवशी बरणी पाठवली."

"खाल्लास?"

"खाल्ला."

"काय म्हणालास तिला?"

"...काही नाही."

शेवंता मोगल ही ओझरकडची बाई. खायच्या द्राक्षांची चालती बाग मोडून तिने वाईनची द्राक्षं लावली, तेव्हा भाऊबंद हसले होते. पहिल्या दोन वर्षांची वाईन नासली. तिने ती ओतून दिली आणि पुन्हा केली. हे जयवंतला ठाऊक होतं. हॉलमध्ये त्याने ते कधी सांगितलं नव्हतं.

"यंदा काय ऐकेल ती?" ब्रदर म्हणाले.

जयवंत ताठ बसला.

"तिला उभं राहायला सांगीन. सगळ्यांसमोर. म्हणेन, डोळे बांधून चाखली, दोनदा चाखली, हिच्या हातची पहिली. मधाचेही आभार मानीन. लोक तिकिटाचे पैसे परत मागोत."

"मागतील."

"देईन."

हे बोलताना त्याचा आवाज मोकळा झाला होता. आला तेव्हा तसा नव्हता.

ब्रदरनी मान हलवली. समाधानाने. मग म्हणाले, "आणि त्या यादीवाल्यांचं?"

"त्यांचं काय?"

"त्यांना काय म्हणणार?"

"ते कुठे येतायत नाशिकला."

"नसू देत."

"त्यांना... म्हणजे त्यांचे..." जयवंतने इकडेतिकडे पाहिलं. "ब्रदर, बाईचे आभार मानतो ना. तेवढं पुरे नाही? त्या लोकांना मी इतकी वर्षं आंधळे म्हणतोय. चव कशाशी खातात ते माहीत नाही, असं म्हणतोय. आता हॉलमध्ये उभं राहून त्यांचे..."

तो शब्द बाहेर पडेना.

"त्या दोनशेतल्या नासक्या," ब्रदर म्हणाले, "कुणाच्या तरी तोंडात गेल्या. तुझ्या नाही गेल्या."

"कळतंय."

"मग?"

"कळतंय, पण होत नाही."

...

ब्रदरनी शेवटचा घास ताटलीत ठेवून ती बाजूला सारली. मोगलबाईंच्या बाटलीचं बूच काढलं. एकच पेला घेतला आणि त्यात वाईन ओतली. उन्हात ती जांभळाच्या रसासारखी दिसली.

ते आधी स्वतः प्याले. एक मोठा घोट. घशाखाली उतरेपर्यंत थांबले. चांगली की वाईट, काही बोलले नाहीत.

मग तोच पेला त्यांनी जयवंतसमोर धरला.

काठाला त्यांच्या ओठांची ओल होती. भाकरीचा एक कणही होता.

जयवंतने पेला घेतला. सवयीने त्याची बोटं पेला फिरवायला गेली, ओल पलीकडे जाईल अशी. ती अर्ध्यात थांबली. पेला त्याने फिरवला नाही. जिथे गुरूचे ओठ लागले होते, तिथेच आपले लावले.

घोट तोंडात घेतला. शिकला होता तसा जिभेवर खेळवला. डोळे मिटले. आधी जांभूळ आलं. मग थोडी मिरी. शेवटी लाकूड.

लाकूड जास्त नव्हतं. हवं तेवढंच होतं.

जयवंतने डोळे उघडले. तोंड भरलेलं, गाल फुगलेले. चाखणारी माणसं वाईन पोटात जाऊ देत नाहीत. चव घेतात आणि थुंकतात. त्याची तर सारी उमर त्यात गेली होती. तो उठला आणि थुंकायला बादली कुठे आहे, ते शोधू लागला. ओट्याच्या या टोकाला पाहिलं. त्या टोकाला पाहिलं. मग ब्रदरकडे पाहिलं.

ब्रदर इनास शेवटचा घास चावत होते.

"गिळ," ते म्हणाले.