पाणमांजरीचा कोंडलेला वारा

तळ्यांना माणसांनी नावं दिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरातल्या एका तळ्याचं पाणी ऐन पौषात हाडं गोठवणारं असे. काठावर पाणमांजरी रोज सकाळी अंगावरचे केस चाटून, विंचरून फुलवत बसे. पाणकावळा फांदीवरून घटकाभर तिची टिंगल करी. “नटून झालं की ये गं मावशी,” म्हणे आणि तसाच बुडी मारी.

एके दिवशी पाणकावळ्याने दोन मासे धरले आणि त्याला हुडहुडी भरली. घरट्यात पिल्लं तर तीन. तो भिजलेले पंख उन्हात पसरून बसला. पाणमांजरी मात्र पुन्हापुन्हा तळ गाठून वर येत होती. त्याला राहवेना. ती काठावर येताच त्याने चोचीने तिचे केस बाजूला केले, तर खाली कातडी कोरडीठाक.

“मावशी, आत घातलंयस तरी काय?”

“वारा.”

“अगं, वाऱ्यानंच तर मी कुडकुडतोय.”

“तो मोकाट वारा. मी केसाकेसात कोंडून घेते, मग पाणी आत शिरत नाही.”

पाणकावळा विचारात पडला. “कोंडायला वेळ किती लागतो?”

पाणमांजरीने तिसऱ्या पिल्लासाठी एक मासा त्याच्यापुढे ठेवला. “फार नाही. तू रोज माझी टिंगल करत बसतोस ना, तेवढाच.”