लाल झाकणाची खंडेनवमी

गाड्यांच्या बॉनेटखालीही मानपान चालायचे, त्या काळची गोष्ट. एका जीपच्या इंजिनावर प्लॅस्टिकचं काळं झाकण होतं. काम बसून राहण्याचं, पण ऐट अशी की जीप जणू त्याच्याच जिवावर पळते.

खंडेनवमी जवळ आली. वर्षातून त्या एका दिवशी बॉनेट उघडून इंजिनाची पूजा व्हायची, म्हणून झाकणाला लाल रंगाचे डोहाळे लागले. त्याला गॅरेजात रंगवायला आणलं.

तिथे फळीवर एक जुना पॉलिश पेपर होता. तो म्हणाला, "आधी साबणाने तेलकटपणा घालवू. मग मी जरा घासतो, प्रायमर बसू दे, मग रंगाचे पातळ हात."

"घासायला मी काय तवा आहे?" झाकण म्हणालं. "आमचं घराणंच गुळगुळीत. खरखरीत लोकांनी अंगाला हात लावू नये."

"चुकलंच माझं," पॉलिश पेपर म्हणाला. "रंग तर तुमचं घराणं ऐकूनच चिकटेल."

मिस्त्रीला सणाची घाई होतीच. त्याने लाल रंगाचा जाड थर थेट मारून दिला. झाकण असं चमकलं की बॅटरीने आदराने मान खाली घातली, असं निदान झाकणाला वाटलं.

खंडेनवमीला जीप देवळापर्यंत जाऊन आली, इंजिन तापलं. दारात बॉनेट उघडलं, शेजारीपाजारी जमले. मालकीण अक्काताईंनी झाकणाला कुंकवाचं बोट टेकवलं. बोट मागे घेतलं, तर दुधावरची साय निघावी तसा रंगाचा अख्खा पापुद्रा बोटाबरोबर आला.

"बाईंचं बोटच खरखरीत," काळं झाकण म्हणालं.