गप्प बसणारं यंत्र

प्राणीही वाळूतलं सोनं हुडकायला यंत्रं घेऊन हिंडत, त्या काळची गोष्ट. एका बोक्याकडे असं एक जुनं यंत्र होतं. खिळा असो, बाटलीचं झाकण असो, धातू लागला की ते ओरडे. खणून खणून बोका वैतागला. शेवटी त्याने दुकानदार माकडाकडून एक महागडं यंत्र आणलं, दिवसभर वापरून बघायच्या बोलीवर.

"कचऱ्यावर मी तोंडसुद्धा उघडत नाही!" नवं यंत्र ऐटीत म्हणालं. बोक्याने आनंदाने उडीच मारली.

तेवढ्यात बगळी धावत आली. "बोकोबा, लेकीची नथ वाळूत पडली हो! वऱ्हाड दारात आलंय आणि भरती चढतेय!"

"आत्ता शोधतो, मावशी!"

बोक्याने नव्या यंत्राने सारा किनारा पिंजून काढला. यंत्र गप्पच. लाट पायाशी आली, तसा तो धावत जाऊन जुनं यंत्र घेऊन आला. ते लगेच ओरडलं. खणलं, तर चॉकलेटचा चंदेरी कागद! पुन्हा ओरडलं. खणलं, तर झाकण! पुन्हा ओरडलं, आणि ओल्या वाळूतून नथ चमकली!

बगळी तर नाचायलाच लागली.

"इथूनच गेलो होतो की आपण! तू बोललं का नाहीस?" बोक्याने नव्या यंत्राला विचारलं.

"मला कागदच वाटला," ते पुटपुटलं. "इतकं पातळ सोनं माझ्या कानाला तसंच लागतं."

संध्याकाळी यंत्र परत घेताना माकड म्हणालं, "याहून भारी दाखवू?"

"नको," बोका हसला. "एक चांगलं खुरपं दाखव."