मुकी वरात

हवालदार संभू खिलारे सीमेवरून परतले तेव्हा अंगावर ओरखडा नव्हता, पण साधा फटाका वाजला तरी खाटेखाली शिरायचे. मनाच्या जखमेपायी अपंगत्वाचं पेन्शन मागायला बायको शेवंता त्यांना घेऊन लष्कराच्या मेडिकल बोर्डापुढे उभी राहिली. तिथल्या बड्या साहेबांच्या मिशा म्हणे साहेबांच्या आधी खोलीत शिरत.

"पुरावा काय?" साहेबांनी विचारलं.

"सगळा गाव सांगेल."

"बाई, गावाची साक्ष एका चहावर मिळते."

"मिळते की," म्हणत शेवंतानं मोबाईलवर सरपंचाच्या पोराच्या लग्नाचं जुनं शूटिंग लावलं. नवरदेव घोड्यावर, पुढं बँड दणाणतोय. खिलाऱ्यांचं घर आलं आणि बँड गप्प झाला. ताशेवाल्यानं काठ्या काखेत मारल्या, वऱ्हाड चपला हातात घेऊन पुढं सरकलं. घर मागं पडल्यावरच पुन्हा दणदणाट सुरू झाला.

"साहेब, चहावर साक्ष मिळेल. पण चहावर कुणी आपल्या पोराची वरात मुकी काढतं का?"

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि अर्ज मंजूर केला.

परतीच्या एसटीत हवालदार खिडकीला डोकं टेकून गाढ झोपले. शेवंता कंडक्टरला हळूच म्हणाली, "दादा, घंटी तेवढी बेतानं ओढा."