पाठीचं माप

एकदा एका पंधरा वर्षांच्या मुलीने, थोरल्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चाललेली असताना, भर बैठकीत जाहीर करून टाकलं, की लग्नात घालायचं परकर-पोलकं मी स्वतः शिवणार आणि त्याला दुसऱ्या कुणाचा हातही लागू देणार नाही. बायका हसल्या. एक चुलती म्हणाली, "अगं, दिवाळीचं पोलकं आठवतंय ना? पाठीवर एवढा झोळ आला होता, की शेरभर चुरमुरे मावले असते त्यात!" सगळ्यांबरोबर मुलगीही हसली, पण ते हसू तिने कसंबसं आणलं होतं. लग्न ताईचं असलं तरी त्या क्षणापासून परीक्षा तिची होती.

मामाने तिच्यासाठी खण आणला होता. जांभळ्या रंगाचा, पोपटी काठांचा. खण तो केवढा असणार! जेमतेम एका पोलक्याचं कापड. कात्री एकदा चुकली की विषय संपला. परकर तिने एका दुपारी शिवून टाकला, कारण परकराला चुण्या घालता येतात आणि चुण्यांच्या पोटात पुष्कळ काही झाकलं जातं. पोलक्याला ती सोय नाही. ते अंगाला जसं असेल तसं सर्वांना दिसतं.

मुलगी शहाणी होती. खणाला हात लावण्याआधी तिने मांजरपाटाच्या स्वस्त, जाड्याभरड्या कापडाचं पोलकं शिवून पाहायचं ठरवलं. दाराला कडी लावून, आरशासमोर उभं राहून, टेप अंगाभोवती गुंडाळून तिने आपलं माप घेतलं, आकडे वहीत लिहिले, कापड बेतलं आणि शिवलं. घालून पाहते तो पाठीवर झोळ आणि पुढची बाजू वर चढलेली. तिने कात्रीला दोष दिला. कात्रीला धार लावून आणून दुसरं शिवलं, पुन्हा तेच. मग मशीनला तेल घातलं, दोरा बदलला, बाही जोडायचा मुंढा तीनदा उसवला. तिसरं पोलकंही पहिल्या दोघांचं सख्खं भावंड निघालं. टीप पाहावी तर रेघेसारखी सरळ. शिवणीत चूक सापडत नव्हती आणि अंगावर घातलं की चूक लपत नव्हती. लग्नाला दहा दिवस उरले होते.

ती दोन वर्षांपासून गावातल्या एका वृद्ध बाईंकडे शिवणकाम शिकत होती. सारा गाव त्यांना अक्का म्हणे. पन्नास वर्षांत अक्कांच्या हातून किती नवऱ्या मुलींच्या चोळ्या आणि किती बाळांची झबली शिवून झाली, याची मोजदाद त्यांनीही ठेवली नव्हती. बोलणं मात्र बेताचं. मुलगी त्यांना पोलक्याची अडचण सांगू शकत होती. पण मग ‘कुणाचा हात लागू देणार नाही’ या शब्दाचं काय? पंधराव्या वर्षी मदत मागणं म्हणजे हार वाटते. पन्नाशीतही पुष्कळांना वाटते, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

त्या दिवशी ती तिसरं पोलकं पिशवीत कोंबून शिकायला आली, तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. तिने बैठकीत केलेला पण अक्कांच्या कानावर आला होताच; आता पिशवीतून लोंबणारी मांजरपाटाची बाहीही त्यांनी पाहिली. त्यांनी काही विचारलं नाही. गळ्यातला टेप काढून त्यांनी तिच्या हातात दिला आणि त्या तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"घे माझं माप. तुझ्या ताईच्या लग्नाला मला नवी चोळी लागेल."

मुलगी गोंधळली. "अक्का, तुमचं माप तुम्हाला ठाऊक नाही?"

"असेल. तू घे."

तिने टेप लावला. अक्का हात सैल सोडून, समोरच्या भिंतीकडे पाहत उभ्या होत्या. टेप एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर नेताना मुलगी थबकली.

"काय झालं?"

"काही नाही."

"जे दिसतंय ते सांग. चोळी शिवायची आहे, माझं कौतुक नाही करायचं."

"तुमचा उजवा खांदा खाली आलाय, अक्का. बोटभर." ती चाचरत म्हणाली.

"गेल्या वर्षी अर्धं बोट होता," अक्का शांतपणे म्हणाल्या. "लिही."

मुलीने लिहिलं. मग तिला राहवलं नाही. "दर वर्षी तुम्ही दुसऱ्याकडून माप घेता?"

"दर वर्षी. गेल्या खेपेला शेजारची सून होती. तिला सुईत दोरा ओवता येत नाही. पण आकडे वाचता येतात, आणि मला तेवढंच हवं होतं." अक्का वळल्या. "आता तो टेप आपल्या पाठीला लाव. लावून बघ."

मुलीने हात मागे नेला. आकडा पाहायला मान वळवली. खांदा उचलला गेला, पाठ वाकली, पोट आत गेलं आणि श्वासही अडकला.

"तशीच थांब," अक्का म्हणाल्या. "ही जी वाकडी होऊन उभी आहे ना, तिच्या मापाचं ते पिशवीतलं पोलकं तू शिवलंस. तिला ते बरोबर बसेल. मांडवात सरळ उभी राहील ती दुसरीच. बाळ, तुझ्या शिवणीत खोट नाही. कापड तूच बेतायचं, टीप तूच घालायची, तिथं मीही बोट लावणार नाही. पण आपण आपल्याला पाहायला गेलो की आपण हलतो. आपली पाठ जशी आहे तशी दुसऱ्यालाच दिसते. तिचं माप मागून घ्यावं लागतं. त्यात कमीपणा असता, तर मी तुझ्यापुढं पाठ करून उभी राहिले असते का?"

मुलीने टेप पाठीवरून सोडवला. मग तिला हसू आलं, या खेपेला आपसूक. "मग घ्या माझं माप."

"मी कशाला? घरी माणसं नाहीत का तुझ्या?"

घरी ताई मांडी घालून रुखवताच्या डब्यांना कागद चिकटवत होती. मुलगी टेप घेऊन तिच्यापुढे उभी राहिली. तीन शब्दच बोलायचे होते, पण ते ओठांवर यायला वेळ लागला.

"माप घेशील माझं?"

ताईने तिच्याकडे निरखून पाहिलं, हाताची खळ पदराला पुसली आणि ती उठली. आधी तिने टेप उलटा धरला, मग दोघी हसल्या.

"सरळ उभी राहा. आणि श्वास सोड की गं, किती धरून ठेवलायस!"

मुलीने श्वास सोडला. ताई एकेक आकडा मोठ्याने वाचत गेली. मानेपासून कमरेपर्यंत टेप सोडताना तिचा हात मध्येच थांबला. "अगं, तू माझ्याएवढी झालीस की! कधी झालीस?" ती म्हणाली आणि पाठीचा आकडा वाचायला जरा वेळ लागला. तो आकडा वहीतल्या आकड्यापेक्षा दीड इंचाने कमी भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने खण पाटावर पसरला आणि कात्री चालवली.

लग्नाच्या दिवशी पोलकं असं बसलं, की वरपक्षाकडच्या एका बाईंनी तिला थांबवून, फिरवून, मागून-पुढून पाहिलं. "कुठल्या शिंप्याकडचं गं हे?"

"मी शिवलंय," मुलगी मान वर करून म्हणाली. "माप ताईनं घेतलंय."

बोलून गेली आणि तिची नजर मांडवात बसलेल्या ताईकडे गेली. गेले कित्येक दिवस ती खण, मुंढा आणि पाठ यांतच गुंतलेली होती. ताई आज जाणार आहे, हे तिच्या आत्ता कुठे ध्यानात आलं. बाईंना नमस्कार करून ती सरळ ताईशेजारी जाऊन बसली आणि पाठवणी होईपर्यंत तिथून हलली नाही.