केरोबाचं कोपर आणि जत्रेचा हंडा

एका गावात केरोबा नावाचा एक तांबट होता. त्याने घडवलेला हंडा पाहून शेजारगावचे तांबटही तोंडात बोट घालत. पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही! जेवता जेवता उठायचा आणि पत्र्याला दोन ठोके घालून यायचा.

त्या वर्षी देवीच्या जत्रेचा मोठा हंडा गावाने त्याला घडवायला सांगितला. मुदत आठ दिवसांची. केरोबा उजाडल्यापासून ठोकायला बसे. तिसऱ्या दिवशी उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ आली. पाचव्या दिवशी पाण्याचा तांब्या उचलेना. मग गड्याने काय करावं? कोपराला फडकं आवळलं आणि दुप्पट जोराने ठोकू लागला!

बायकोने, यमुनेने, वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी कोपर दाबताच केरोबा ओरडला.

"हाड शाबूत आहे," वैद्यबुवा म्हणाले. "पण मनगट उचलणारं मांस ज्या दोरीने इथे हाडाला बांधलंय, ती दोरी अतिकामाने शिणलीय. हातोडा ठेव, नाहीतर हे दुखणं घर करील."

"जत्रा होऊ द्या, मग ठेवतो!"

दुसऱ्या दिवशी यमुना भट्टीचा भाता ओढत होती. केरोबा तिच्यावर खेकसला, "अगं, ओढ लवकर! ठोकून ठोकून पत्रा कडक झालाय. तापवून मऊ केल्याशिवाय ठोकला तर तडकेल, एवढंही कळत नाही?"

"मला कळतं हो," यमुना म्हणाली. "हंड्याला विसावा लागतो. तुमचं कोपर काय हंड्याहून कणखर आहे?"

झालं! केरोबाचं डोकं फिरलं. त्याने न तापवलेलाच हंडा पुढ्यात ओढला आणि हातोडा उगारला. कोपरातून कळ गेली, हातोडा तिरका बसला आणि हंडा काठापासून पोटापर्यंत तडकला.

जत्रेचा भात शेजारगावच्या हंड्यात शिजला. केरोबा पंगतीला बसला, पण उजव्या हाताने घास तोंडापर्यंत नेववेना. देवीचा प्रसाद डाव्या हाताने कसा खायचा? बिचारा भरल्या पानावरून उपाशी उठला आणि घरी येऊन ढसाढसा रडला.

मग मात्र त्याने वैद्यबुवांचं ऐकलं. हातोडा खुंटीला टांगला. हात अगदी बांधूनही ठेवला नाही, हलकी कामं करत राहिला. दुखणं ओसरू लागल्यावर वैद्यबुवांनी व्यायाम सांगितला: तळहात खाली करून हातात छोटी वाटी धरायची आणि मनगट सावकाश खाली न्यायचं. वाटीनंतर लोटी. केरोबा नुसता तळमळायचा, अंगणात येरझारा घालायचा. चार महिन्यांनी हलका हातोडा मिळाला, तोही रोज मोजून पन्नास ठोक्यांपुरता.

पुढच्या जत्रेचा हंडा त्यानेच घडवला. हंडा भट्टीत गेला की हातोडाही खाली ठेवायचा, असा नेमच त्याने केला. त्या वर्षी पंगतीत त्याने उजव्या हाताने पहिला घास घेतला, तेव्हा यमुनेने पदराने डोळे पुसले.

तात्पर्य: कामाच्या मालाला जेवढं जपतो, तेवढं काम करणाऱ्या हातालाही जपावं. दुखरं अंग रेटणाऱ्याचं कामही बिघडतं आणि तोंडचा घासही जातो.