मधाचा घडा आणि चमकती पूड

चोरी झाली की अस्वलाला आधी बांधायचं आणि चौकशी मग करायची, अशी जंगलात रीत होती तेव्हाची ही गोष्ट. गुहेतला मधाचा घडा रिकामा सापडला आणि रिवाजाप्रमाणे अस्वल बांधलं गेलं.

खारीला ते पटेना. तिने चमकणारी बुरशी वाळवून कुटली आणि शेपटीच्या झुपक्याने ती पूड घड्यावर हलकेच फिरवली. "दिवसा ही नुसती माती," ती म्हणाली, "पण अंधारात काजव्याचा उजेड पडला की चोराचा पंजा दाखवते."

काजवा पुढे झाला. घड्यावर हिरवागार पंजा उमटला, तो वाघाचा. सगळी सभा आपापल्या पायांकडे बघू लागली. वाघमहाराजांनी मिशा चाटल्या.

कोल्हा प्रधान खाकरला. "पूड उत्तम आहे. खारूताईंचा सत्कार करू. फक्त यापुढे तपास भर दुपारी, उघड्या माळावर व्हायचा. अंधारातली कामं महाराजांना खपत नाहीत."

सत्कारात खारीला नारळ मिळाला. तिने तो ढकलत ढकलत अस्वलापुढे नेला. "मला हा फुटायचा नाही. याला सोडलंत, तर सगळ्यांना प्रसाद मिळेल."

प्रसादाचं नाव निघताच महाराजांनी स्वतः उठून गाठ सोडली.